अनिश्चित काळात आशा आणि कृतज्ञता: कोल्हापुरातल्या कॅथलिक घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, आजारपण, गेलेली नोकरी, परदेशातून न येणारा फोन. अशा दिवसांत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर चर्चच्या आवारात, किंवा रात्री उशिरा फोनवर, लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं लिहिणारा धर्मगुरू नाही, संसारी माणूस आहे. संस्कार आणि धर्मशिक्षणाबद्दल जे लिहिलं आहे ते ख्रिस्तसभेचं, म्हणजे कॅथलिक चर्चचं. बाकीची मतं माझी, आणि ती वाचताना कळतीलच.

आशा ठेवा म्हणतात. म्हणजे सगळं नीट होईल असं धरून चालायचं का?

नाही. सगळं नीट होईलच असं येशूने कुणालाही सांगितलेलं नाही. शिष्यांना तर उलटच सांगितलं होतं.

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे देवाशी थेट जोडणारे तीन सद्गुण असं ख्रिस्तसभा शिकवते. यातली आशा निकालावर नसते, देवावर असते. निकाल आपल्या बाजूने लागला नाही तरी तो आपल्याला सोडणार नाही, एवढीच तिची खात्री. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्रम दिला आहे: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, आणि त्यातून आशा. ही आशा माणसाला तोंडघशी पाडत नाही, असं तो पुढे म्हणतो. २०२५ च्या पवित्र वर्षाची घोषणा करताना पोप फ्रान्सिस यांनी ९ मे २०२४ च्या आज्ञापत्राची सुरुवात याच ओळीने केली होती.

आशेविरुद्धची पापंही दोन सांगितली आहेत, आणि ती दोन्ही आपल्या नदीकाठी दरवर्षी दिसतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ४३ च्या वर गेलं, ग्रामपंचायतीने स्थलांतराची दवंडी दिली, तरी एकजण म्हणतो, देव बघून घेईल, आपण कशाला हलायचं? हा देवाला गृहीत धरणारा. दुसरा म्हणतो, आता उरलंय काय, बुडू दे सगळं. ही निराशा. तिसरा जनावरं सोडतो, म्हातारीला उचलून ट्रॅक्टरमध्ये बसवतो, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो आणि तोंडाने 'हे आमच्या बापा' म्हणत निघतो. त्याच्याकडे आशा आहे. आपण परत येऊ तेव्हा घर असेल की नसेल, हे त्यालाही माहीत नसतं.

घर पाण्यात गेलं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे? हे जरा अति होत नाही का?

अति आहेच, आणि तसं कुणी मागितलेलंही नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगतो. वाईट घटनेलाच चांगलं म्हणा, असं तो सांगत नाही. लाजरसच्या कबरीपाशी येशू रडला. मार्था त्याला तोंडावर म्हणाली होती की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला गप्प केलं नाही, कृतज्ञतेवर प्रवचनही दिलं नाही.

मग आभार कशाचे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढलं तेव्हाचं आठवा. बोटी आल्या, तालीम मंडळांची पोरं छातीभर पाण्यात उतरली, न बुडालेल्या गावांतून भाकरी आणि ठेच्याच्या पुडक्यांनी भरलेले टेम्पो आले. शाळांचे वर्ग आणि कार्यालयांचे हॉल उघडले गेले. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, हे त्या पंगतीत कुणी विचारलं नाही. पुराचे आभार मानू नयेत. या माणसांबद्दल मात्र मानावेत, आणि नाव माहीत असेल तर नाव घेऊन मानावेत.

जाता जाता एक. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्त मंदिरात चढून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा भाविक दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला गर्दी करतात. आपली श्रद्धा वेगळी, पण नदीकाठच्या माणसाला जे कळलं आहे ते त्यात दिसतं: ऊस पिकवणारी आणि घर नेणारी नदी एकच. आणि हा सोहळादेखील शिरोळ तालुक्यात कुणाच्या घरात पाणी शिरलं म्हणून नसतो.

देवावर राग येतो. हे पाप आहे का?

बायबलमधली स्तोत्रसंहिता काढून बघा. तिच्यात तक्रारीची स्तोत्रं ढीगभर आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच 'आणखी किती वेळ?' या अर्थाच्या प्रश्नाने होते. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात एकही दिलाशाची ओळ येत नाही, आणि तरीही ख्रिस्तसभेने ते शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलं आहे. 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' हे क्रूसावर येशूच्या तोंडी आलेलं वाक्य बाविसाव्या स्तोत्रातलं आहे.

राग देवाशी बोलून काढला तर ती प्रार्थनाच. अबोला धरला तर काळजी करा.

रोज कृतज्ञ राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत अजून कुणी मागे टाकलेली नाही असं मला वाटतं. हा मूळचा लढवय्या. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन बदललं, आणि पुढे त्यांनी येशूसंघ स्थापन केला. दिवसाची झडती घेण्याची त्यांची प्रार्थना दहा-पंधरा मिनिटांत होते. आधी आजच्या दिवसाबद्दल देवाचे आभार. मग दिवस नीट दिसावा म्हणून प्रकाश मागायचा. मग सकाळपासून दिवस डोळ्यांपुढून न्यायचा: कुठे मन देवाकडे गेलं, कुठे लांब पळालं. चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत.

क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याला पापांपासून सुरुवात करायची सवय असते. इग्नेशियस आभारापासून सुरुवात करतात. एका पत्रात त्यांनी कृतघ्नता हे सगळ्या पापांचं मूळ असल्याचं लिहिलं आहे. मला हे आधी वाढवून सांगितल्यासारखं वाटायचं. पण बघा, माणूस लाच घेतो, भावाचा बांध कोरतो, बायकोवर हात उचलतो, तेव्हा त्याला मिळालेलं काहीच मिळालेलं वाटत नसतं.

करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, मोघम बोलू नका. 'कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल धन्यवाद' हे तिसऱ्या दिवशी पाठ होतं आणि चौथ्या दिवशी निर्जीव. त्यापेक्षा फौंड्रीत शेजारच्या मशीनवरच्या माणसाने आज डबा विसरला म्हणून अर्धी भाकरी दिली, डेअरीला दूध घालायला जाताना पाऊस थांबला, पोरीने न सांगता पाणी भरून ठेवलं, असं बोला. दोन, वेळ बांधून घ्या. दुकानाचं शटर ओढल्यावर, किंवा घर झोपल्यावर ओट्यापाशी. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

काही दिवस असे येतील की आभारासाठी एकही गोष्ट सापडणार नाही. त्या दिवशी तेवढंच सांगा, आणि उरलेले टप्पे करा.

प्रार्थना करतो, पण आत काहीच वाटत नाही. श्रद्धा संपली का?

मदर तेरेसा यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. कोलकात्यातल्या कामाच्या काळात दशकानुदशकं त्यांना आत कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता. त्यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संत घोषित केलं गेलं ते ही पत्रं माहीत असताना. लिझ्यूच्या संत तेरेझा क्षयाने चोविसाव्या वर्षी गेल्या. शेवटच्या दीडेक वर्षात स्वर्ग आहे की नाही, या शंकेने त्यांना छळलं होतं. तेव्हा, न वाटणं म्हणजे संपणं नव्हे.

इग्नेशियस यांचा एक नियम इथे फार कामाचा आहे: मन काळवंडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. चांगल्या मन:स्थितीत जे ठरवलं होतं त्याला धरून राहावं. याचा अर्थ प्रार्थना सोडू नका एवढाच नाही. त्या आठवड्यात शेत विकू नका, भावाशी वाटणीचा विषय काढू नका, रागात राजीनामा टाइप करू नका. ढग सरल्यावर हवं तर खुशाल करा.

नोव्हेना म्हणजे आपला नवसच ना?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. जोतिबाच्या डोंगरावर शेजारी नवस फेडायला जातात, आपण नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करतो, म्हणजे तेच, असं घरातलीच माणसं म्हणतात.

दिसायला सारखं आहे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत प्रेषित पवित्र मरियेबरोबर एकत्र जमून प्रार्थना करत राहिले. नऊ दिवसांची ही प्रथा तिथे जाऊन पोचते. ते काय मिळेल याचा हिशोब मांडून बसले नव्हते, वाट बघत होते. तू मुलाचा व्हिसा दे, मी मेणबत्त्या लावते, असा सौदा मनात असेल तर नोव्हेनाचं नाव घेऊनही तो सौदाच. मागू नये असं नाही हं. मागावं, नाव घेऊन मागावं, व्हिसाच मागावा. फक्त नवव्या दिवशी व्हिसा आला नाही तर देवाचं दुकान बंद झालं असं समजू नये. आणि आला, तर मेणबत्तीबरोबर एखाद्या गरजू मुलाची फी भरा.

व्हॉट्सअॅपवर 'हा मेसेज नऊ जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' असं येतं ते सरळ पुसून टाका. अशा धमकीला ख्रिस्तसभेत थारा नाही.

नोकरी गेली आहे, हप्ते थांबले आहेत. 'आकाशातल्या पाखरांकडे बघा' म्हणून पोट भरतं का?

भरत नाही. हे वचन काळजीत असलेल्या माणसाच्या तोंडावर फेकणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. पाखरं पहाटेपासून चारा शोधत असतात. येशूने त्यांना आळशी म्हणून दाखवलेलं नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकरी मागतो, आजची. वर्षभराची साठवण मागत नाही.

हे हप्त्यांनाही लावता येतं. पाच वर्षांच्या कर्जाचा विचार रात्री दोन वाजता करायचा नाही. उद्या काय करता येईल तेवढंच: बँकेत जाऊन शाखाधिकाऱ्याशी हप्ते पुढे ढकलण्याबद्दल बोलणं, उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ओळखीच्या दोघांना भेटणं, आणि सगळ्यात आधी घरात खरं सांगणं. डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर रंकाळ्यावर बसून संध्याकाळी परतायचं, हे करणारे आपल्यात आहेत. खाजगी सावकाराकडे जाण्याआधी फादरांशी बोला. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम चालतं. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी ती १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली, ती नेमकी अशा घरांसाठी. मदत घेण्यात कमीपणा नाही.

आणि कामगाराला रास्त मजुरी मिळाली पाहिजे, संघटना करण्याचा हक्क आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच लिहून ठेवलं आहे. न्याय मागणं आशेत बसतं.

आई फार आजारी आहे. फादरांना तेल लावायला बोलावलं तर ती घाबरेल. काय करावं?

बोलवा, आणि आजच बोलवा. 'शेवटचं तेल' हा जुना समज घराघरांत इतका घट्ट बसला आहे की लोक श्वास लागेपर्यंत थांबतात, आणि मग फादर येईपर्यंत माणूस शुद्धीत नसतो. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६० च्या दशकातच स्पष्ट केलं की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणाने शरीर खचत चाललं असताना तो घ्यावा. बरं वाटून पुन्हा आजार उलटला तर पुन्हा घेता येतो. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलं आहे. त्यात मरणाचा उल्लेखही नाही.

आईला सांगताना 'फादर तुझ्यासाठी प्रार्थना करायला येणार आहेत, आपण सगळे बसू' एवढं पुरे. घरी असाल तर स्वच्छ कापड घातलेलं छोटं टेबल, क्रूस आणि मेणबत्ती ठेवा. दवाखान्यात, मग तो इथला असो की मिरजेचा, अतिदक्षता विभाग असेल तर नर्सला आधी विचारून भेटीची वेळ फादरांना कळवा. मेणबत्ती तिथे लावू नका, ऑक्सिजन चालू असतो.

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांच्यासह देवाची स्तुती करणारं गीत रचलं ते १२२५ च्या सुमारास, जवळजवळ आंधळे आणि आजाराने जर्जर झालेले असताना. ही गोष्ट सुंदर आहे. पण ती निरोगी माणसाने स्वत:साठी आठवावी. वेदनेत असलेल्या माणसाला ऐकवायला जाऊ नये. त्याचे पाय चेपावेत.

डिप्रेशन येतं ते श्रद्धा कमी पडते म्हणून का?

नाही. मधुमेह श्रद्धा कमी पडल्याने होत नाही, हाही तसा होत नाही. झोप उडणं, भूक जाणं, कशातच रस न उरणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते. गोळ्या आणि जपमाळ यांचं आपसात भांडण नाही. 'प्रार्थना वाढव, गोळ्या सोड' असं सांगणारा कितीही भक्त दिसला तरी त्याचं ऐकू नका.

मरणाचे विचार येत असतील तर ते एकट्याने सांभाळू नका. आत्ता, या क्षणी कुणाला तरी सांगा.

ज्या घरात असं आधीच घडून गेलं आहे त्यांच्यासाठी: तीव्र मानसिक त्रास, भीती किंवा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, असं कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ, सांगतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्यांच्या नावाने मिस्सा जरूर ठेवा.

खूप वर्षं पापनिवेदन केलेलं नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

याच तोंडाने. प्रार्थना आठवत नसेल तर तसं सांगा, फादर पुढे नेतात. ऐकलेलं त्यांना कुणालाही, कधीही सांगता येत नाही. गावात सगळे ओळखीचे म्हणून अवघड वाटत असेल तर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जा, त्यात काही गैर नाही.

कोल्हापुरात आपण मूठभर. पोरं पुण्या-मुंबईला, आखातात गेली. कसली आशा?

खरं आहे. इथला ख्रिस्ती समाज बहुतांश प्रोटेस्टंट. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, तिथून त्याची सुरुवात. कॅथलिक त्याहून थोडे: कुणी नोकरीनिमित्त आलेले, कुणी आजरा-चंदगडकडची कोकणी बोलणारी घरं. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला तेव्हा कोल्हापूर जिल्हा त्यात गेला, आणि आपले बिशप घाट उतरून सावंतवाडीला.

पण येशूने 'भिऊ नको' म्हटलं ते लहान कळपालाच. कमी असण्याचा एक फायदा आहे जो मोठ्या शहरातल्या चर्चला मिळत नाही: कोण आलं नाही हे लगेच कळतं. त्याचा उपयोग करा. रविवारी जो दिसला नाही त्याच्या घरी संध्याकाळी जा, चौकशी करायला नाही, चहा प्यायला. जपमाळेसाठी दोन घरं एकत्र आली तरी चालतात. बाहेरगावच्या पोरांना व्हिडिओ कॉलवर जपमाळेच्या एका दशकापुरतं, म्हणजे दहा मण्यांपुरतं, सामील करून घ्या. पूर्ण जपमाळेला ती थांबणार नाहीत, आणि आग्रह केलात तर पुढच्या वेळी फोनच उचलणार नाहीत.

मुलांना कृतज्ञता कशी शिकवायची?

व्याख्यान देऊन नाही. जेवणाआधी प्रार्थना, आणि ती मुलानेच म्हणायची. गोव्यात ऑगस्टमध्ये कोणसाच्या फेस्ताला भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. तिकडची मुळं असलेल्या घरांनी ही गोष्ट मुलांना सांगावी, जमलं तर एकदा दाखवावी. आणि घरातल्या मोठ्यांनी कामवाल्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना मुलांसमोर 'थँक्यू' म्हणावं.

आम्ही कॅथलिक नाही. मन अस्वस्थ असलं की चर्चमध्ये येऊन बसावंसं वाटतं. चालेल का? कुणी धर्मांतराचं विचारेल का?

खुशाल या, बसा. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या जाहीरनाम्यात मांडलं आहे. शांत बसायला आलेल्या माणसाला कुणी नाव-गाव विचारू नये, आणि विचारलंच तर 'बसायला आलोय' एवढं उत्तर पुरे.

मिस्सालाही थांबू शकता. सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकायचे नसतील तर बसून राहा. कम्युनियनच्या वेळी मात्र रांगेत जाऊन पवित्र भाकर घेऊ नका, ती कॅथलिक संस्कार घेतलेल्यांसाठी आहे. जागेवर बसून राहिलात तर कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही. शेवटच्या बाकांवर जागा असते. वेळ फलकावर लिहिलेली असते, सणांच्या दिवसांत ती बदलते. चपला दाराबाहेर काढलेल्या दिसल्या तर तुम्हीही काढा, नसतील तर तशाच आत या.